मुरांब्याच्या बरण्या परत फळीवर ठेवा

प्रिय शिकागोतल्या सूनबाई,

युक्रेनहून आलेल्या सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 8.4 टक्के, म्हणजे मधुमेहाची आली, म्हणून तुम्ही चेरीच्या मुरांब्याला कुलूप लावलंत, ओट्स आणि सॅलड सुरू केलंत. आता त्या बोलत नाहीत आणि नवरा गप्प. त्यांना तुम्ही 'मामा' म्हणता हे वाचून मात्र हसू आलं. तिकडे मामा म्हणजे आई, पण माझ्या डोळ्यांपुढे मिशाच आल्या.

आधी बरण्या परत ठेवा. घर सुटलं, भाषा सुटली, हाती उरलं होतं ते स्वयंपाकघर. तुमच्या आईच्या पानातला भात कुणी असा उचलला असता तर?

आणि ओट्स कशाला? त्यांच्याकडे ह्रेचका आहे, म्हणजे आपला कुट्टू. 'नऊ नंबरचं टेबल' एवढंच म्हणून बघा, त्या चमकतील. सोव्हिएत डॉक्टर पेव्झनर यांनी आखलेल्या पथ्यांतलं ते मधुमेहाचं पथ्य. पण ह्रेचका औषध नव्हे, शिजवलेल्या कपभरात तीसेक ग्रॅम कर्बोदकं असतातच. तेव्हा ती मोजून, आणि सोबत आंबवलेला कोबी, काकडी, मासा किंवा अंडं. बोर्श्तमध्ये, म्हणजे त्यांच्या बिटाच्या सूपमध्ये, बटाटा कमी, कोबी आणि राजमा जास्त. बटाट्याचं सारण भरलेल्या वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, केल्या तर त्या जेवणात ब्रेड नको, मैदा आणि बटाटा झालाच की! मध औषधी म्हणून चमचे भरून घेत असतील तर तीही साखरच. रशियन दुकानातली फ्रुक्टोजची 'मधुमेह्यांची' बिस्किटंही आणू नका. शेवटी मैदाच तो.

ईस्टरआधी त्या मोठा उपास धरत असतील तर मांस, दूध, अंडी बंद होतात आणि ताटात ब्रेड-बटाटा वाढतो. आपल्या एकादशीच्या साबुदाण्याचीच गत. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचाराच.

डॉक्टरांकडे नवऱ्याला दुभाषा करू नका. आई मुलादेखत सगळं सांगत नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकन रुग्णालयांना दुभाषा फुकट द्यावा लागतो, तो मागून घ्या.

शनिवारी त्यांच्याकडे बोर्श्त शिकायला बसा. बटाटे सोलायचं काम तुम्ही घ्या. चाराऐवजी दोनच सोललेत तर त्या काय म्हणतात, ते मला कळवा.