जुन्या तोड्याच्या (जळत्या वातीने उडवायच्या) बंदुकीच्या दस्त्यावर रंगीत वेलबुट्टी आहे. काम मूळचं की नंतर कुणी रंगवलेलं?

मूळचं असू शकतं. 18व्या-19व्या शतकात उत्तर भारतातल्या अनेक तोड्याच्या बंदुकांचे दस्ते हिरव्या, लाल किंवा काळ्या जमिनीवर सोनेरी फुलं-वेली काढून, वर लाखेचा किंवा वार्निशचा हात देऊनच तयार व्हायचे. पारख रंगावरून नाही, झिजेवरून करा. नळी दस्त्याला चामड्याच्या किंवा तारेच्या बंदांनी बांधलेली असते. बंद आपोआप थोडा सरकला असेल तर खालची नक्षी ताजी आणि शेजारची फिकी दिसायला हवी. रंग बंदाच्या कडेपाशीच थांबला असेल तर तो बंद बसवल्यावर लावलेला आहे. (बंद मुद्दाम सोडवू नका, जुनं चामडं तुटतं.) मग कान (नळीतल्या दारूला आग पोचवणारं छिद्र) पाहा. तिथे रंजक (बार पेटवायची बारीक दारू) पेटायचं, त्यामुळे वापरातल्या बंदुकीत त्या बाजूचा रंग करपलेला, खवले निघालेला असतो. तिथेच नक्षी नवीकोरी असेल तर संशय घ्या. भिंगातून तडे बघा: जुन्या कामात तडा रंगाच्या थरातून आरपार जातो, नव्यात रंग तड्यात उतरून बसलेला दिसतो. अंधारात अतिनील टॉर्च मारली की चपडा लाख नारिंगीसर चमकते, पण ही खूण फक्त वरच्या थराची. मूळ नक्षीवर नंतर कुणी वार्निश फिरवलं असेल तर टॉर्च फसवते. आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझरचा बोळा अजिबात नको, लाख त्यातच विरघळते. जवसाचं तेलही नको; काळवंडतं आणि मग निघत नाही.