विद्यापीठात गायन घेऊन बी.ए. करताना पहिलं वर्ष कसं असतं? क्लास लावून विशारद ही संगीताची परीक्षा दिली तर पुरेसं नाही का?

तुम्ही लिहिलंय की विशारदच्या आधीची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, बारावीनंतर पुण्यात गायन घेऊन शिकायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात कॉमर्स कर आणि संध्याकाळी क्लासला जाऊन विशारद दे. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गायन शिकते. पहिलं वर्ष नुकतंच संपलंय, तेव्हा अजून सगळं ताजं आहे.

नवे राग भराभर मिळतील असं समजून येऊ नका. यमन, भूप, भैरव हे प्रवेशिकेपासूनचे, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षांपासूनचे, रागच पुन्हा समोर येतात. परीक्षेसाठी आपण ठरलेले आलाप आणि ताना पाठ करून गातो. इथे तोच यमन विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात घेतला की बारा मात्रांचं एक आवर्तन संपायला पाऊण-एक मिनिट लागतं. तेवढी जागा स्वतःच्या आलापीने भरून, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) धरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. पाठ केलेलं दोन आवर्तनांत संपून जातं. मग गंधारावर किती थांबायचं, निषादावरून षड्जावर लगेच यायचं की त्याला आणखी ताणायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. माझं बरंचसं वर्ष यातच गेलं आणि त्याचं मला खूप समाधान आहे.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरून गायचं त्याची. क्लासमध्ये बाईंसमोर आम्ही एक-दोन मुलीच असायचो. इथे वर्गात कुणी काळी एकमध्ये गाणारा, कुणी पांढरी दोनमध्ये, आम्ही मुली काळी चार-पाचमध्ये. सगळ्यांनी एकत्र गाणं नेहमी जमत नाही, त्यामुळे तानपुरा पुन्हा जुळवून एकेकाला गायला बसवतात आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हे ऐकणं म्हणजे फुकट गेलेला वेळ नाही, उलट विद्यापीठात यायचं सगळ्यात मोठं कारण मी हेच सांगेन. मी मिरजेची. आमच्याकडे गाणं म्हटलं की किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव आधी निघतं. दर्ग्यातल्या उरुसाला मोठमोठे गवई हजेरी लावतात, ते ऐकत मी वाढले. त्यामुळे एकेक स्वर लावून सावकाश बढत करणं, म्हणजे राग उलगडत नेणं, हेच माझ्या कानाला गाणं वाटायचं. शेजारी बसणारी ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीतली. ती बंदिश आधी स्थायी-अंतरा या दोन्ही भागांसकट पूर्ण मांडते आणि मग बंदिशीचे शब्द धरूनच विस्तार करते. एकाच दुपारी, एकाच खोलीत यमन असा दोन्ही अंगांनी ऐकला की आपल्या बाईंनी आपल्याला नेमकं काय दिलंय तेही कळायला लागतं. एका गुरूच्या क्लासमध्ये हे होऊ शकत नाही. त्यात क्लासचा काहीच दोष नाही.

शास्त्राच्या पेपरला बरेच जण घाबरतात. पाठांतर आहेच: भातखंड्यांचे दहा थाट (रागांचे गट), बावीस श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वर), तालांची दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लय, हातावर म्हणून दाखवणं. पण चांगले शिक्षक शास्त्र गाऊन शिकवतात. भूप आणि देसकार दोन्हींत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, दुसऱ्याचा धैवत, हे आपण परीक्षेत लिहून मोकळे होतो. सरांनी भूप गाता गाता धैवतावर जरा जास्त वेळ मुक्काम केला, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, रेंगाळले, आणि संध्याकाळचा भूप डोळ्यांदेखत सकाळचा देसकार झाला. वादी स्वर म्हणजे काय ते मला त्या तासाला समजलं. ज्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचं नाव आपण गाइडमध्ये वाचतो, तो शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादवांच्या आश्रयाने लिहिला. मराठी मुलांना हे शाळेतच सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

केंद्रात संगीत, नृत्य आणि नाटक तिन्ही शिकवतात. कथकवाल्यांचे तोडे कानावर पडून लय पक्की होते आणि नाटकवाल्यांकडून शब्द स्वच्छ फेकायला शिकता येतं. या मैत्रीचा गाण्याला फायदा होतो.

आता अवघड भाग. शहरात रियाजाला जागा मिळणं कठीण आहे. पहाटे खर्ज लावायचा, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज करायचा, म्हटलं तर पेइंग गेस्ट म्हणून राहताना ते शक्य नसतं. माझ्या पहिल्या घरमालकीणबाईंनी आठवड्याच्या आतच गाणं बंद करायला सांगितलं होतं, आणि खोलीतल्या मैत्रिणींचीही झोप असतेच. म्हणून खोली घेण्याआधी ‘मी रोज पहाटे गाणार’ हे स्पष्ट सांगा, नाही म्हणाले तर दुसरी बघा. वर्ग सुरू होण्याआधी लवकर येऊन बसायची सवय लावा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, रियाज सोडू नका.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो आणि त्याच सुमारास सत्र परीक्षाही येते. दोन्ही करायचं. भारतीय बैठकीचं तिकीट काढून मागे बसलं तरी शिकायला भरपूर मिळतं.

घरच्यांच्या ‘पुढे काय’ला उत्तर: एम.ए., नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, शाळेत संगीतशिक्षक, आकाशवाणीची ऑडिशन, क्लास, साथसंगत. यात पैसा हळूहळू येतो, हे त्यांना आधीच खरं खरं सांगा. विशारद बी.ए. करतानाही देता येते, ती सोडायची गरज नाही. मात्र कॉमर्स करून संध्याकाळी गाणं म्हणजे दिवसातले उरलेले दोन तास, आणि तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं तुम्हाला तेवढे पुरणार नाहीत.

प्रवेशाच्या वेळी गाऊन दाखवावं लागतं. त्यासाठी राग वाढवत बसू नका. दोनच राग घ्या, आणि मोबाइलवरच्या तबल्याऐवजी जमेल तेव्हा समोर बसलेल्या तबलजींबरोबर गा. तानपुरा स्वतः जुळवायला शिका, जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा कुठे सरकवला की तार बोलते ते कुणाकडून तरी समजून घ्या. इथे आल्यावर ते रोज लागतं.