धुपाच्या वासाचा परफ्युम पहिल्यांदा घेताना

भावा, तू पहिलाच धुपाचा परफ्युम घ्यायलास तर थेट मोठी बाटली घेऊ नको, आधी २ मिलीचं सॅम्पल मागव. कॉम दे गार्सों या जपानी ब्रँडची २००२ ची इन्सेन्स सिरीज, म्हणजे धुपाच्या वासांचे परफ्युम, आहे ना, त्यातला आव्हिन्यो म्हणजे चर्चमधला धूर, थंड, दगडी, एकदम गंभीर. क्योटो त्यामानाने मऊ, त्यात लाकूड अन् कॉफी पण आहे, म्हणून सुरुवातीला क्योटोच बघ असं मी म्हणीन. हे वास म्हणजे गोड उदबत्ती नाही बरं का, खुलताबादला दर्ग्यात निखाऱ्यावर लोबान टाकल्यावर पहिल्यांदा लिंबू-मिऱ्यासारखं काहीतरी नाकात चढतं अन् मग धूर बसतो, तशातली गोष्ट आहे ही.

कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नको, मनगटावर लाव अन् दोन-तीन तास तुझी कामं कर, कारण खरा वास तेव्हा कळतो.

कुणाला शोभतो म्हणशील तर कमी बोलणाऱ्याला, निवांत बसून ऐकून घेणाऱ्याला. लग्नात चार लोकांनी विचारावं, कोणता लावलास, अशी हौस असेल तर हा तुझा नाही, त्यापेक्षा मोगऱ्याचं अत्तर घे, ते पण लई सुंदर असतं. तू मेसेजमध्ये जसा बोलतोस त्यावरून तुला हा जमेल असं मला मनापासून वाटतंय.

अन् आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी नको, डोकं धरतं. पावसाळ्यात नाहीतर दिवाळीनंतर संध्याकाळी, दोनच फवारे, शर्टाच्या आत.