कवितेचा मला लागलेला अर्थ चुकीचा कसा?

प्रश्न: ताई, मी दहावीत आहे. गोष्टी-कविता वाचायला मला खरंच आवडतात, पण इंग्रजीच्या तासाला त्याच आवडेनाशा होतात. आम्हाला अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' शिकवली, रानात दोन वाटा फुटतात आणि वाटसरू त्यातली एक निवडतो ती कविता. तिच्यावरच्या उत्तरात मी लिहिलं की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच आहेत, तर बाईंनी ते लाल पेनाने खोडलं आणि 'वेगळी वाट धरावी हा संदेश' असं लिहून दिलं. मग मी तेच पाठ केलं, मार्क मिळाले, पण मनात राहिलंच. आणि शेक्सपिअर तर डोक्यावरूनच जातो. काय करू?

उत्तर: तुझं पत्र वाचलं आणि आधी कविताच परत काढून बसले. अरे, तू जे लिहिलंस ते कवितेतच आहे! दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तो वाटसरू स्वतः सांगतो की येण्याजाण्याने दोन्ही वाटा खरं तर सारख्याच झिजल्या होत्या, तिसऱ्यात तर दोन्हींवर न तुडवलेली पानं पडलीयत. बाईंनी सांगितलेला अर्थ शेवटच्या कडव्यातून येतो, पण तिथे तो 'मी पुढे कधीतरी हे असं सांगत असेन' म्हणतोय, म्हणजे माणूस मागे वळून आपल्या निवडीची गोष्ट कशी रचतो तेही त्यात आलं. ही कविता 1915 साली छापून आली, आणि फ्रॉस्टच्या मनात त्याचा मित्र एडवर्ड थॉमस होता, दोघं फिरायला जायचे आणि नंतर थॉमसला चुटपुट लागायची की दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर बरं झालं असतं. हे कळल्यावर मला तरी ती कविता जास्तच जवळची वाटली.

पण एक लक्षात घे, 'मला असं वाटलं' एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या ओळीमुळे वाटलं ते दाखवता आलं पाहिजे आणि बाकीच्या ओळी तुझ्या अर्थाच्या आड येत नाहीत ना तेही बघायचं. पुढच्या वेळी वाक्य लिहिलंस की लगेच खाली ती ओळ दे. ह्या कवितेबद्दल बाईंशी बोलायचं तर वर्गात नको, तास संपल्यावर वही घेऊन जा आणि दुसरं कडवं दाखवून विचार की ह्याचं काय करायचं. बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न आवडतो. नाही पटलं तर परीक्षेत त्यांचा अर्थ आधी लिही, मग तुझा, ओळीसकट.

शेक्सपिअरचं म्हणशील तर अडचण तुझ्यात नाहीये, भाषा 400 वर्षांपूर्वीची आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकात ज्युलिएट बाल्कनीत 'व्हेअरफोर' म्हणते ना, ते 'कुठे' नाही, 'का' आहे, तू रोमिओच का झालास, शत्रूच्या घरातलाच का, असं विचारतेय ती. एवढा एक शब्द कळला की अख्खा प्रसंग बदलतो, म्हणून तळटीपा सोडू नकोस. आणि मोठ्याने वाच, नाटक आहे ते, डोळ्यांनी नुसतं वाचून अर्धंच मिळतं. मी शाळेत असताना हे कुणी सांगितलं नव्हतं, फार उशिरा कळलं.

आणि हो, फ्रॉस्टच्या शेवटच्या कडव्यात तो सुस्कारा टाकून सांगेन म्हणतो. तो सुस्कारा खंतीचा की समाधानाचा? तुझं उत्तर ओळींसकट लिहून पाठव, मी वाट बघतेय.