दोन लहान मुलं, नोकरी आणि सकाळची दहा मिनिटं: नीटनेटकं दिसण्यासाठी काय करावं?

तुमच्या प्रश्नात लिहिलंय ते थोडक्यात असं: धाकटं बाळ नऊ महिन्यांचं, मोठी पहिलीत, रजा संपून नोकरी पुन्हा सुरू झालेली. जुने कपडे अंगात शिरत नाहीत, केस गळतायत, गालांवर वांगाचे डाग आलेत आणि ऑफिसात रोज कुणी ना कुणी विचारतं, "बरं नाहीये का गं?" सकाळी स्वतःसाठी दहा मिनिटं मिळतात, त्यात काय करू?

त्या दहा मिनिटांत बसून चहा प्या. खरंच सांगते. रोज सकाळी करावं लागेल असं काहीही लहान मूल असलेल्या घरात टिकत नाही. बाळाला सर्दी झाली की पहिली सुट्टी त्या रोजच्या कामालाच मिळते. वेळ आणि पैसा घालायचाच तर एकदा करून ठेवलं की पुढे महिनोन्‌महिने बघावं लागत नाही, अशा गोष्टींवर घाला.

मी डोंबिवलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. माझी बहुतेक गिऱ्हाइकं नोकरी करणाऱ्या आया, संध्याकाळी गाडीतून उतरून घरी जाता जाता येतात. त्यामुळे या उत्तरात कपड्यांना झुकतं माप मिळणार, हे आधीच सांगून टाकते. पण "बरं नाही का" या प्रश्नाचं अर्धं मूळ कपड्यांतच असतं असं माझं पक्कं मत आहे.

बाळंतपणानंतर बायका पोट लपवायला दोन साइज मोठा कुर्ता घेतात. आता गंमत अशी, की छाती वाढते, कंबर वाढते, खांदा मात्र जिथल्या तिथेच राहतो. मोठ्या साइजच्या कुर्त्याची खांद्याची शिवण मग दंडावर उतरते, गळा पसरतो, ब्राचा पट्टा दिसतो आणि तो सारखा आत ढकलत बसावं लागतं. ढगळ कपड्यात माणूस बारीक दिसत नाही, आजारातून उठल्यासारखा दिसतो. म्हणून कुर्ता घालून बघताना पोटाकडे नंतर बघा, आधी खांदा बघा. हात जिथून सुरू होतो त्या हाडावर शिवण आली पाहिजे. खांदा बसला आणि बाकी सैल असलं तरी घ्या. बाजूच्या शिवणी आत घेणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे, मी त्याचे शंभरच्या आसपास घेते. खांदा कमी करायचा तर बाही काढायची, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल भाग, नव्यानं कापायचा, बाही परत लावायची. एवढा खटाटोप करायला आम्ही शिवणारे टाळाटाळ करतो, आणि केला तर त्या पैशात नवा शिवून झाला असता.

खांदा बसतो पण छातीत ओढतं, ही दूध पाजणाऱ्या आयांची नेहमीची तक्रार. त्यांनी सरळसोट कुर्त्याच्या नादी लागू नये. छातीच्या वर योक, म्हणजे वेगळा जोडलेला तुकडा, आणि योकला चुण्या असतील असा घ्यावा, चुण्यांमध्ये हवी तेवढी जागा मिळते. शिवून घेत असाल तर प्रिन्सेस कटच्या, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणीत एका बाजूला चेन लावून मागा. बाहेरून कळत नाही, आणि दूध पाजायचं बंद झाल्यावर ती काढून शिवण बंद करता येते.

आणखी एक जागा बायकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे बाजूचा कट. बऱ्याच तयार कुर्त्यांना तो कमरेपासून सुरू होतो. पोट थोडं पुढे असलं की तिथे कापड फाकतं, पुढचा भाग वर उचलला जातो आणि आहे त्यापेक्षा पोट जास्त दिसतं. कट चार बोटं खाली, कमरेच्या हाडाच्या खालून सुरू झाला की तोच कुर्ता सरळ पडतो. चार बोटांची टीप मारायची, बस्स. तुम्हाला हाताशिलाई येत असेल तर शिंप्याकडे जायचीही गरज नाही. उंचीचंही तसंच आहे. पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर कुर्ता संपला तर पाय आखूड आणि जाड वाटतात; एकतर गुडघ्याच्या जरा खाली थांबवा किंवा सरळ घोट्याच्या वर चार-पाच बोटांपर्यंत न्या.

आणि खिसा लावून घ्या. बाजूच्या शिवणीत, डाव्या हाताला किंवा उजव्या, जो बाळ घेतल्यावर मोकळा राहतो त्या बाजूला. याचा सौंदर्याशी काय संबंध, असं विचाराल. फोन, पास, रुमाल, बाळाची टोपी हे सगळं हातात धरून चालणारी बाई आणि हात मोकळे असलेली बाई, यांच्या चालण्यातच फरक पडतो.

कपाटातले जुने ब्लाउज टाकू नका. चांगल्या शिवणाऱ्यानं दोन्ही बाजूंना इंचभर तरी माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडलेली असते. ब्लाउज उलटा करून बघा, तीन-चार समांतर टिपा दिसतील. त्यातली आतली एक-एक उसवत गेलात तर ब्लाउज दीड-दोन इंच सहज सैल होतो. फक्त बाजूची टीप उसवून थांबू नका, ती तशीच पुढे बाहीतही न्यायला हवी, नाहीतर दंडात रुततं. सिल्कवर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. ओलसर फडकं ठेवून इस्त्री केली की बरीचशी बुजतात, सगळी नाही. पैठणीच्या ब्लाउजला असलं काही स्वतः करू नका, शिवणाऱ्याकडेच द्या.

रंग आणि कापड याबद्दल थोडंच. पँट एकाच प्रकारच्या दोन-तीन ठेवा, एक काळी, एक मळकट पांढरी, म्हणजे कुठलाही कुर्ता कशावरही जातो आणि सकाळी डोकं चालवावं लागत नाही. लिनन सुंदर दिसतं, पण बाळ एकदा मांडीवर बसलं की त्याची सुरकुती संध्याकाळपर्यंत जात नाही. बारीक छापाचं सुती कापड घ्या, त्यात वरणाचे हात लपतात. वरणाचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, एक-दोन उन्हांत विरतो. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात घालून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल आणि बोल मला लागतील.

ब्रा. हे लिहायला लाजण्यासारखं काही नाही, तरी कुणी बोलत नाही. लग्नाआधीचाच आकडा दुकानात सांगणाऱ्या कितीतरी जणी आहेत. छातीच्या खालून टेप आडवी धरून आणि छातीवरून, अशी दोन्ही मापं पुन्हा घ्या. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. आधार खालच्या पट्ट्यानं द्यायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यानं नव्हे. बरोबर मापाची ब्रा घालून आलेल्या गिऱ्हाइकाचा ब्लाउज मला पुन्हा बेतावा लागतो, इतका फरक पडतो. आणि हो, मापं द्यायला येताना रोज वापरणार तीच घालून या.

आता केस. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे एरवी गळले असते ते केसही टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते उतरलं की थोपून राहिलेले सगळे केस एकदम सुटतात. बहुतेकींना दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हे सुरू होतं आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत केस बरेचसे भरून येतात. कपाळापाशी बोटभर लांबीचे केस उभे राहत असतील तर ते नवे आलेत, त्यांना तेलाचा हात लावून बसवा. पण नवव्या महिन्यातही मूठमूठ गळत असतील तर महागड्या शांपूच्या आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर लोह कमी पडणं आपल्याकडे अगदी सर्रास आहे, आणि थायरॉइडही याच काळात बिघडू शकतं. सतत दमल्यासारखं दिसण्यामागे तेही असू शकतं, तिथे कुर्ता काय करणार.

केस कापायला जाल तेव्हा एकच अट सांगा: सगळे केस एका क्लचमध्ये आले पाहिजेत. चेहऱ्याजवळ आखूड लेअर पार्लरमध्ये ड्रायर फिरवल्यावर छान दिसतात. घरी ते क्लचमधून सुटून डोळ्यांत येतात आणि बाळाच्या मुठीत जातात. खांद्याच्या खाली चार बोटं, खालून सरळ, एवढं पुरे. भांग वर्षानुवर्षं एकाच जागी पाडत असाल तर तो दुसऱ्या बाजूला पाडून बघा, विरळ झालेली रेघ झाकली जाते. पोनी करकचून बांधू नका, कानशिलांवरचे केस त्यानं आणखी तुटतात.

वांगाबद्दल मला कळतं ते त्वचेच्या डॉक्टरांकडून स्वतः ऐकलेलं. गरोदरपणात आलेले हे डाग उन्हानं गडद होतात, आणि खिडकीच्या काचेतूनही ते ऊन येतं. म्हणून रोज करायची एकमेव गोष्ट मी मान्य करते ती म्हणजे सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि जरासा रंग असलेलं, टिंटेड म्हणतात ते. त्या रंगात लोहाचे ऑक्साइड असतात, ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतात, आणि वांगाला तोही वाढवतो. शिवाय डाग थोडे झाकले जातात, वेगळं फाउंडेशन लागत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीभर रेघ एवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. ट्यूब कपाटात ठेवू नका, दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा.

मैत्रिणीनं सांगितलेली "आठ दिवसांत डाग गायब" मलमं मात्र हातात घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि मलम थांबवलं की डाग दुप्पट होऊन येतात. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, तरी दुकानांत सहज मिळतात. पाकिटावर नीट नाव-पत्ता नसलेली गोरं करणारी क्रीमं त्याहून वाईट, त्यांत पारा असू शकतो. अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं २०२३ च्या सुरुवातीला बातम्यांत आलं होतं. तुमचं बाळ दिवसभर तुमच्या गालाला गाल घासणार, हेही धरा. डॉक्टरांकडे गेलात तर दूध पाजतेय हे न विचारता सांगा.

पार्लरमधलं फेशियल, ब्लीच सोडून दिलंत तरी काही बिघडत नाही. भुवया तेवढ्या महिन्यातून एकदा करून घ्या, दहा मिनिटांत चेहरा जागा होतो. एक लिपस्टिक, ओठांच्या रंगापेक्षा एक छटा गडद, तीच बोटानं गालांवर. गाडीत बसल्यावर लावता येते, आरसाही लागत नाही. कानातले लहान, घट्ट बसणारे घ्या. लोंबते घातले तर बाळ ओढणार, आणि कानाची पाळी फाटली की टाके घालावे लागतात. टिकली रोज लावत असाल तर रात्री काढून कपाळ धुवा. काहींना तिच्या गोंदातल्या रसायनामुळे तिथेच पांढरा डाग पडतो. त्वचा जराही फिकी वाटली तर चिकटवायची टिकली बंद करा.

या सगळ्यातलं आधी काय, असं विचारलंत तर माझ्या मते रक्ततपासणी, मग ब्रा, मग कपाटातले तीन कुर्ते आणि दोन ब्लाउज पिशवीत घालून शिंप्याकडे. नवीन काहीही विकत घेण्याआधी हे करा. आणि श्रावण लागायच्या आत करा. गणपती जवळ आले की आमच्याकडे नव्या शिलाईच्या कपड्यांचे ढीग लागतात. तेव्हा तुमचे जुने ब्लाउज उसवायला कुणी हातात घेणार नाही, आणि घेतले तरी दिवाळीच्या आधी परत मिळणार नाहीत.