परदेशी दाखल्यासाठी बोटांचे ठसे : वाचकांचे प्रश्न

अमेरिका-कॅनडाच्या कागदपत्रांत अडकलेल्या सातारा-सांगलीकर वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. फॉर्म, फी, कुरिअर यांची चौकशी बहुतेकांनी केलेली दिसते. ठशांकडे मात्र कोणी फारसं बघितलेलं नाही, आणि अर्ज अडतो तो तिथेच.

प्रश्न : अमेरिकेत चार वर्षं नोकरी करून कराडला परतलो. कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याचा परवाना) पासपोर्ट कार्यालयाची पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढली आहे. एजंट म्हणतो, एफबीआयचा (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) दाखलाही लागेल. खरंच लागतो का? आणि इथे बसून मिळतो का?

लागतो, आणि इथे बसून मिळतो. अठराव्या वर्षानंतर, गेल्या १० वर्षांत, ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला कॅनडा मागतो. तुमची पीसीसी भारतापुरती आहे. ती पोलीस ठाण्याच्या नोंदींवरून मिळते, तिच्यात ठशांचा संबंध नाही. एफबीआय मात्र नावावर विसंबत नाही, दहा बोटांवरून शोधते.

एजंटाची गरज नाही. एफबीआयच्या ईडीओ या संकेतस्थळावर अर्ज भरा, १८ डॉलर कार्डाने भरा. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा, नाहीतर पैसे भरतानाच गाडी अडते. अर्ज झाल्यावर ईमेलवर पोच येते. ती छापून ठसेपत्रिकेसोबत पाठवायची. पत्ता : एफबीआय सीजेआयएस डिव्हिजन, समरी रिक्वेस्ट, १००० कस्टर हॉलो रोड, क्लार्क्सबर्ग, वेस्ट व्हर्जिनिया २६३०६. उत्तर ईमेलवर घ्यायचा पर्याय निवडलात तर कागदाची वाट बघावी लागत नाही. आलेली फाइल लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

'चॅनेलर' नावाच्या खासगी कंपन्या हेच काम झटपट करून देतात, अशा जाहिराती दिसतील. ती सोय अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरती आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर राहून आलेल्यांनी तिथे पैसे घालवू नयेत.

ठसेपत्रिकेचा नमुना एफडी-११६४. तो उतरवून साध्या पांढऱ्या कागदावर छापला तरी चालतो, पण छापताना 'फिट टू पेज' बंद आणि आकार १०० टक्के. झेरॉक्सच्या दुकानात हे सांगितल्याशिवाय होत नाही. तीन प्रती छापा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.

माहितीचे रकाने भरताना आपल्याकडे ठरलेल्या चुका होतात. जन्मतारखेत महिना आधी, मग दिवस. उंची फूट-इंचात : पाच फूट सहा इंच म्हणजे ५०६. वजन पौंडात, किलोला २.२०५ ने गुणून : ६२ किलोचे १३७. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव, काही घरांत तर पहिलं नावही बदलतं. अशा भगिनींनी माहेरचं पूर्ण नाव 'इतर नावं' या रकान्यात न विसरता लिहावं, विशेषतः अमेरिकेचा पहिला व्हिसा त्या नावावर असेल तर.

एक दिलासा : तुम्ही पुन्हा अमेरिकेत राहायला गेला नसाल, तर परतल्यानंतर काढलेला जुना दाखलाही कॅनडाला चालतो. सहा महिन्यांच्या आतला हवा ही अट सध्या राहत असलेल्या देशाच्या दाखल्याला आहे.

प्रश्न : पहिल्या वेळी 'ठसे वाचता येत नाहीत' म्हणून एफबीआयचं उत्तर आलं. ओळखीच्या दुकानात स्टॅम्प पॅडवर ठसे घेतले होते. चूक नेमकी कुठे? (वाई)

स्टॅम्प पॅडमध्ये. दस्त नोंदणीला अंगठा उठवायची ती निळी-जांभळी शाई पातळ असते, कागदात पसरते आणि रेषांमधल्या फटी बुजवते. इथे छपाईची घट्ट काळी शाई लागते. काचेवर किंवा धातूच्या पाटीवर चिमूटभर शाई टाकून रबरी रुळाने इतकी पातळ पसरायची, की खालची पाटी पुसटशी दिसावी. जास्त शाई झाली की ठसा काळाकुट्ट डाग होतो.

दुसरी गोष्ट, बोट नुसतं टेकवायचं नाही, लोळवायचं. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि पहिल्या पेराच्या घडीपर्यंत. कारण असं : शंख असो वा चक्र, रेषा जिथे फुटून तीन दिशांना जातात तो त्रिकोण बोटाच्या कडेला असतो. तज्ज्ञ त्याच्यापासून केंद्रापर्यंतच्या रेषा मोजतात. बोट सरळ टेकवलं की तो त्रिकोण कागदावर येतच नाही.

लोळवण्याची दिशाही ठरलेली. अंगठे शरीराच्या दिशेने, बाकीची बोटं शरीरापासून बाहेर. म्हणजे अवघडलेल्या स्थितीतून सुरुवात होऊन हात मोकळा होत जातो आणि बोट घसरत नाही. एकाच फेरीत, उलट न फिरवता, आणि शेवटी बोट अलगद वर उचलायचं. क्रम : उजवा अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, मग डाव्या हाताची तशीच. खालच्या ओळीत दोन्ही हातांची चार-चार बोटं एकत्र, सपाट, आणि दोन्ही अंगठे. ही ओळ शोभेची नाही. वरची बोटं चुकीच्या चौकटीत गेली का, हे हिच्यावरून ताडून बघतात.

तुमचं काम फक्त हात सैल सोडण्याचं. बहुतेक जण मदत म्हणून स्वतः बोट दाबतात, आणि ठसा तिथेच फाकतो. नजर दुसरीकडे ठेवा. टेबल इतक्या उंचीचं हवं, की कोपरापासून हात जमिनीला समांतर राहील. खुर्चीत बसून हे नीट होत नाही. एखादं बोट बिघडलं तर त्या चौकटीवर कोरी पांढरी पट्टी चिकटवून पुन्हा घेता येतं, पण एका चौकटीवर दोनच पट्ट्या. त्यापेक्षा नवी पत्रिका घ्यावी. बोट नसेल तर चौकट रिकामी सोडायची नाही. तोडलेलं की जन्मतःच नसलेलं, हे तिथे लिहायचं.

घेणारा माणूस सराईत असावा, हे ओघाने आलंच. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात ठशांचं काम रोज करणारे कर्मचारी असतात. इंग्रजीत छोटा अर्ज, त्यात देशाचं नाव आणि कारण, मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि कोऱ्या पत्रिका घेऊन आधी वेळ विचारून जा. ठसे घेणाऱ्याची सही आणि तारीख या चौकटी तिथेच भरून घ्या. घरी आल्यावर आठवलं तर पुन्हा हेलपाटा. तुमची सहीसुद्धा त्यांच्यासमोरच.

पाठवताना पत्रिका दुमडू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. शाई वाळायच्या आत एकावर एक ठेवलेल्या पत्रिकाही वाया जातात.

प्रश्न : आमचा गलाईचा (सोनं-चांदी गाळण्याचा) धंदा, गाव विट्याजवळ. तेजाब आणि भट्टी यांमुळे बोटं गुळगुळीत झाली आहेत. ठसेच उठत नाहीत. काय करावं?

रेषा गेलेल्या नाहीत, झिजल्या आहेत. त्यांचा मूळ साचा कातडीच्या खालच्या थरात असतो. वरचा थर साधारण महिनाभरात नवा येतो, आणि खालच्या थरापर्यंत भाजलेलं नसेल तर त्याच रेषा परत उमटतात. तेव्हा ठशांच्या आधी तीन-चार आठवडे तेजाबाचं काम दुसऱ्याकडे द्या. रात्री व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, भांडी-कपड्यांचा साबण टाळा. ऊसतोड, वीटभट्टी, गवंडीकाम करणाऱ्यांनाही हेच लागू.

ठशाच्या दिवशी मात्र तेल-मलम काही नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मग तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे, धार काढताना करतो तशी, बोटं हलक्या हाताने ओढायला सांगा. टोकाला रक्त उतरून रेषा उठावदार होतात. अशा बोटांना शाई नेहमीपेक्षा कमी आणि दाबही कमी. जोर लावला की उरल्यासुरल्या रेषा सपाट होतात. ज्यांच्या हाताला घाम फुटतो त्यांनी उलट करावं : एकेक बोट स्पिरिटने पुसून लगेच शाई, लगेच ठसा.

कॅन्सरसाठी कॅपेसिटाबीन चालू असेल तर ठसे पुसट होऊ शकतात. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. औषध मात्र ठशांसाठी थांबवू नका.

प्रश्न : मुलगी मिरजेत नर्स आहे. अमेरिकेतल्या एका राज्याच्या नर्सिंग बोर्डाने ठसे मागितले आहेत. एफबीआयचा दाखला काढून पाठवला तर चालेल ना?

नाही. स्वतःसाठी काढलेला दाखला वेगळा आणि परवान्यासाठीची तपासणी वेगळी. दुसऱ्या प्रकारात निकाल थेट बोर्डाकडे जातो, उमेदवाराच्या हातून नाही. त्यासाठी एफडी-२५८ ही पत्रिका वापरतात. तिच्यात ओआरआय नावाचा रकाना असतो आणि निकाल कोणाकडे जायचा हे त्या संकेतांकावर ठरतं. म्हणून बाजारातली कोरी पत्रिका वापरण्याआधी बोर्डाची सूचना वाचा. बोर्ड स्वतःची छापील पत्रिका पाठवत असेल तर तीच वापरायची. डोळ्यांच्या आणि केसांच्या रंगाला तीन अक्षरांचे संकेत आहेत : तपकिरी डोळ्यांना बीआरओ, काळ्या केसांना बीएलके.

प्रश्न : आधारला दहाही बोटं दिली आहेत. पोलीस तिथूनच ठसे का घेत नाहीत? (फलटण)

कायद्याने घेता येत नाहीत. आधार कायदा २०१६, कलम २९ : बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती कोणालाही, कोणत्याही कारणासाठी द्यायची नाही. पोलिसांचा साठा वेगळा, एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 'नाफिस' हा ठशांचा संगणकीय साठा. त्यात गुन्ह्यांच्या तपासातले ठसे असतात.

प्रश्न : २००९ साली ऊसदर आंदोलनात अटक झाली होती, ठसेही घेतले होते. पुढे निर्दोष सुटलो. आता पीसीसी मिळेल का? (वाळवा तालुका)

मिळायला हरकत नसावी, पण लपवाछपवी करू नका. ठाण्याच्या नोंदीत गुन्हा क्रमांक आजही असणार. पडताळणीला आलेल्या पोलिसाला तो दिसला आणि तुम्ही अर्जात 'नाही' म्हटलेलं असलं, तर निर्दोष माणूस उगीच संशयात सापडतो. न्यायालयाच्या नकला विभागातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा आणि ती सोबत ठेवा. 'केस मिटली' असं तोंडी सांगून भागत नाही. खटला अजून चालू असेल तर गोष्ट निराळी. मग आधी वकिलांना भेटा.

ठशांचं म्हणाल तर, आधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला असेल, तर घेतलेली मापं (त्यात ठसेही आले) नष्ट करण्याची तरतूद १९२० च्या जुन्या कायद्यातही होती. ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती आहे, फक्त सगळे कायदेशीर मार्ग संपल्यानंतर आणि न्यायालयाने लेखी कारण देऊन उलट आदेश दिला नसेल तर. एरवी नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात.

पीसीसीसाठी पुण्याला जायचं कारण नाही. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात. फी ५०० रुपये.

प्रश्न : अमेरिकेत शिकताना मुलाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं होतं. केस रद्द झाली. एफबीआयच्या दाखल्यात येईल का? (सातारा)

अटकेच्या वेळी ठसे घेतले असतील तर येण्याची शक्यता धरून चाला. अडचण अशी, की अटकेची नोंद वर पोहोचते आणि केस रद्द झाल्याची कधी कधी पोहोचत नाही. मग दाखल्यात नुसती अटक दिसते. त्या कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत मागवा आणि नोंद दुरुस्तीचा अर्ज करा. एफबीआय त्याला पैसे घेत नाही. हे दाखला यायच्या आधीच सुरू केलेलं बरं.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात लग्न आहे, बोटांची टोकं मेंदीने भरणार. ठसे आधी द्यावेत की नंतर? (तासगाव)

शाईने देणार असाल तर कधीही. शाई रेषांचा उंचवटा टिपते, रंग नाही. मेंदीचे खपले मात्र पूर्ण निघालेले हवेत. ठसे स्कॅनरवर द्यायचे असतील तर लग्नाआधी उरका, गडद मेंदीने यंत्र कधी कधी अडतं.