वाचकांचे प्रश्न : शेपूट उचलून उतरणारे अवकाशविमान

प्रश्न : 'स्पेसशिपवन' 2004 मध्ये शंभर किलोमीटरवर जाऊन आले. परतताना ते जळून कसे गेले नाही?
— विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : शंभर किलोमीटर म्हणजे साधारण जळगाव ते धुळे. तेवढे वर जाण्यासाठी इंजिन बंद होताना सेकंदाला सुमारे 1 किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती फिरत राहायचे तर 7.8 लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दर किलो वजनामागे इथे जेमतेम साठावा हिस्सा जिरवायचा होता.

बाकी काम यानाचे रचनाकार बर्ट रूटन यांच्या रचनेने केले. वर हवा जवळपास नसताना वैमानिक दाबाखालच्या हवेच्या जोरावर पंखांची मागची बाजू, कुलूप काढलेल्या शेपटीसकट, 65 अंश उचलतो. यान आपोआप पोट खाली करून पडते आणि विरळ हवेतच वेग गमावते. सुमारे 17 किलोमीटरवर शेपूट पूर्ववत केली, की ते ग्लायडरसारखे तरंगत धावपट्टीवर येते.

प्रश्न : मग 'स्पेसशिपटू' ह्या त्याच्या पुढच्या यानाचा 2014 चा अपघात कशाने झाला?
— शिक्षक, भुसावळ

उत्तर : ह्याच कुलपामुळे. 'स्पेसशिपटू'मध्ये ते चढतानाच काढत, कारण अडकले तर फार उंच जाण्याआधी उड्डाण थांबवता आले पाहिजे. पण आवाजाच्या 1.4 पट वेग झाल्यावरच काढायचे. तेव्हा हवाच शेपूट खाली दाबून धरते. 31 ऑक्टोबरला 'स्पेसशिपटू'च्या चाचणीत सहवैमानिकाने ते आवाजाचा वेग गाठण्याआधीच काढले. शेपूट उचलायची मूठ कोणी ओढलीच नव्हती, पण त्या वेगाला हवा शेपूट वर ढकलते आणि तो जोर शेपूट हलवणाऱ्या दट्ट्यांना आवरला नाही. यान हवेतच तुटले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी गेले, पीटर सीबोल्ड पॅराशूटमुळे वाचले. आमच्या मते दोष एकट्या माणसाचा नव्हे. एका चुकीने यान तुटेल अशी रचना मुळात नको होती, चौकशीतही हेच निघाले. पुढच्या यानात अवेळी कुलूप निघू नये म्हणून अटकाव बसवला.

प्रश्न : ही याने जमिनीवरूनच का उडत नसत?
— वाचक, चोपडा

उत्तर : ही याने मोठ्या विमानाला टांगून सुमारे 14 किलोमीटरवर नेत आणि तिथून सोडत. तिथे हवेची घनता जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. रोध घटतो, इंधन वाचते आणि इंजिनाचे नळकांडे विरळ हवेला साजेसे रुंद ठेवता येते. 1959 पासून उडणारे एक्स-15 हे अमेरिकी रॉकेटविमानही बी-52 ह्या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालूनच सोडत.